दुध्याची झोळी

“बोट वाकव आधी!”

आत्यांनी माझ्या हातावर चापटच मारली. मांडवावर चढलेल्या दुध्याच्या वेलीला पहिली मादी कळी आली होती. लवंगेएवढी, आणि तिच्या मागे चिमुकला हिरवा भोपळा, अंगावर पांढरी लव घेऊन. मी हरखून आत्यांना दाखवत होते, आणि माझं बोट सरळ होतं.

“कवळ्या फळाला बोट दावत न्हाईत. कुजतं. एवढी शिकलीस आन् एवढं ठावं न्हाई?”

“पण आत्या, अजून फळ कुठंय? कळी तर आहे.”

“मग कळीला तर आणखीन जपायचं.” त्यांनी आपली तर्जनी मधल्या पेरात दुमडली आणि त्या वाकड्या बोटानं कळीकडे नुसती खूण केली. “असं. जणू आपण दुसरंच कायतरी दावतोय.”

पुढच्या अंगणात जीप येऊन उभी होती. महेंद्र, माझा नवरा, मागच्या सीटवर गाद्या रचत होता, कारण मला साताऱ्यापर्यंत झोपून न्यायचं होतं. आषाढ सरत आला होता. चौथा महिना संपलेला. डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता आणि सांगितलं होतं की बाळ हवं असेल तर आता अंथरूण धरायचं, बाळंत होईपर्यंत. मागचं बाळ असंच, काही कळायच्या आत, हातातून गेलं होतं.

सासूला आमच्या घरात आत्या म्हणतात. घर भोरच्या पुढे, नीरेच्या काठाला, गावाच्या अगदी टोकाशी. मी वाढले साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर; आमच्याकडे माती होती ती तुळशीच्या कुंडीपुरती. लग्न होऊन आले तेव्हा घरामागे मोडलेल्या गोठ्याची जागा रिकामी पडली होती. वर्षानुवर्षांच्या शेणानं काळीभोर झालेली, मऊ. “ही मला द्याल?” असं मी विचारलं तेव्हा आत्या खो खो हसल्या होत्या. त्यांचं सगळं आयुष्य भाताच्या खाचरात वाकून गेलेलं. चार वाफे भेंडी, दोन ओळी घेवडा, एक मांडव हे त्यांच्या लेखी शेत नव्हतंच. “खेळ खेळ,” म्हणाल्या. “पोरगी भातुकली मांडतीय.”

आता ती भातुकली ऐन भरात आली होती आणि मला ती त्यांच्या हाती सोडून जायची होती.

“भेंडी एक दिवसाआड तोडायची हं आत्या, नाहीतर जून होते. दोडक्याला सुतळी द्यायची. घेवड्याच्या बुडाशी पाणी साठू द्यायचं नाही. आणि दुध्या…”

“बघंन मी.”

“दुध्याचं फूल संध्याकाळी उमलतं. पावसात पाखरं येत नाहीत. मग नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला हातानं लावावं लागतं.”

आत्यांनी पदर तोंडाला लावला. “काय लावायचं?”

“पराग.”

“अगं बया! फुलांची लगीनं लावती व्हय तू? चल, बस जीपमधी. म्हेंद्या, ने रं हिला.”

जीप निघाली तेव्हा शेजारच्या सुंदराकाकू दारात आल्या होत्या. “कुठं निघाली सून?” त्यांनी विचारलं. मागच्या काचेतून मी आत्यांचं उत्तर ऐकलं. “तब्येत बरी न्हाई तिची. चाललीय आईकडं जरा.” बस. पोटाचं अवाक्षर नाही. दिवस राहिल्याचं कळलं तेव्हापासून त्यांनी माझ्यापाशीही कधी ते नाव घेतलं नव्हतं. माझ्या पोटाकडे बघायची वेळ आली की त्या चुलीकडे बघत.

साताऱ्यात आईनं माझी खाट खिडकीशी लावली. पायथ्याला विटा घालून ती उंच केलेली, त्यामुळे डोकं खाली आणि पाय वर. खिडकीतून दिसायचं ते फक्त आभाळ आणि अजिंक्यताऱ्याचा कडा, तोही बहुतेक वेळ ढगात बुडालेला. वर पांढरं छत. त्या छताकडे बघत बघत मी रोज दुपारी मनानं सासरच्या घरामागच्या परड्यात जायचे.

डोळे मिटले की आधी वास यायचा. ओल्या शेणमातीचा, दोडक्याच्या पानांचा उग्र हिरवा वास. मग पायाखाली चिखल. मी भेंडीच्या ओळीतून हळूच निघायचे, पानांची कुसं पोटरीला लागायची, एकेका झाडाशी थांबायचे. कधी कधी झोप आणि जाग यांच्या मधल्या जागेत मला मांडव पाण्यावर तरंगताना दिसायचा. वेली खाली मुळं सोडून पोहत असायच्या आणि मी त्यांच्याखाली उताणी पडलेली, आत्ता पडलेय तशीच. पोटात कुणीतरी मासोळीसारखं वळायचं. मग आईची हाक यायची, “केतकी, दूध घे,” आणि परडं विरून जायचं.

दिवेलागणीला आत्यांचा फोन यायचा. महेंद्रनं त्यांना बटणांचा फोन घेऊन दिला होता. नदीच्या पल्याडच्या माणसाला हाक मारावी तशा त्या बोलायच्या.

“ऐकू येतं का गं?”

“येतं, आत्या. मला काय, खाली रस्त्यावरच्या माणसांनापण येतं.”

“येऊ दे. आज भेंडी निघाली टोपलंभर. घेवड्याला मावा पडला व्हता, राख मारली. दोडका लई माजलाय, जास्वंदीवर चढला. उतरवू का?”

“नको, राहू दे. भांडू देत दोघांना आपसात.”

“ऱ्हाऊ दिला. बरं, ठेवते.”

“आत्या…”

“काय?”

“काही नाही.”

मी वाट बघायचे. आज विचारतील, उद्या विचारतील. दुखतंय का, हलतंय का, डॉक्टर काय म्हणाले. त्या माव्याची हकिकत सांगायच्या, गोगलगायींची सांगायच्या, मांडवाच्या कोपऱ्याची मेढ, तो लाकडी खांब, कुजली ती बदलल्याचं सांगायच्या, पण माझ्या पोटाशी आल्या की फोन ठेवून द्यायच्या. एकदा आईनं फोन स्पीकरवर ऐकला आणि बंद झाल्यावर म्हणाली, “तुझी सासू सुनेची खुशाली घेते की भेंडीची? बाई आहे का दगड?”

“शेतातली माणसं तशीच असतात गं,” मी म्हणाले. पण छताकडे बघताना मला मागचं नवरात्र आठवायचं. पहिल्या खेपेचा तिसरा महिना. देवीच्या देवळात बायकांची ही गर्दी. आत्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून हात लांब करून त्यांनी मला बोटानं दाखवलं होतं. “ती बघा, ती निळ्या लुगड्यातली. माजी सून. दिवस गेल्यात तिला.” सगळ्या जणी वळून बघायला लागल्या होत्या. लाजून मला कुठं बघावं कळेना, पण इतकं कौतुक माझं कुणी कधी केलं नव्हतं. दसरा झाला आणि चार-आठ दिवसांत सगळं संपलं. तेव्हाच्या आत्या आणि आताच्या आत्या एकच, हे मला पटत नसे. वाटायचं, एकदा हरलेल्या सुनेवर त्यांना आता भरवसा उरला नाही.

श्रावणात दुध्याचं गाऱ्हाणं सुरू झालं.

“गळत्यात गं सगळी. कळी फुलती, इवलासा भोपळा दिसतो, आन् दोन रोजात पिवळा पडून खाली.”

“फुलं लावताय का, मी सांगितलं तसं?”

“मी न्हाई असलं चाळं करायची. कुणीतरी बोट दावत असंल. त्या सुंदरीची नातवंडं येत्यात परड्यात.”

“आत्या, बोटानं नाही गळत. पावसानं पराग धुऊन जातो. लांब दांडीचं फूल नराचं. त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मधला दांडा मादीच्या फुलात अलगद फिरवायचा. एवढंच. माझ्यासाठी कराल?”

पलीकडे नुसता पाऊस ऐकू आला. पत्र्यावरचा.

“आजूबाजूला कुणी बघत नसंल तवा बघते,” त्या शेवटी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फोन जरा उशिरा आला. आवाज कधी नव्हे तो बारीक होता.

“लावलं.”

“काय?”

“लगीन. एका हातात छत्री आन् एका हातात नवरा. म्हातारपणी काय काय करायला लावतीस बाई.”

मला हसू आवरेना. हसायचीसुद्धा भीती वाटायची त्या दिवसांत, म्हणून मी पोटाखाली हात धरून हसले. “सावधान म्हणालात की नाही?”

“म्हणलं की. दोन बारीला म्हणलं. अक्षता तेवढ्या न्हाई टाकल्या.”

त्यानंतर कित्येक दिवस त्या दुध्याचं काही बोलल्याच नाहीत. मी विचारलं तर भेंडीवर जायच्या. मग गौरी-गणपती झाले आणि एका संध्याकाळी एकदम म्हणाल्या, “एक धरलाय.”

“खरंच? केवढा झालाय?”

“मोजत नसत्यात.”

“अहो, अंदाजानं.”

“पानाआड हाय. मी वर पान वढून घेतलंय. सुंदरीलासुदिक दावला न्हाई. बरा हाय. ठेवते.”

एकच. सगळ्या वेलीवर एक. मी डोळे मिटून त्याला शोधायचे. पानामागे, पोपटी, थंड, खाली पोट आणि वर बारीक मान. झोपेत तो माझ्या उशाशी यायचा. आणि मग मला त्याचे डोहाळेच लागले. चण्याची डाळ घातलेली दुध्याची भाजी, वर ओलं खोबरं. तोंडाला नुसतं पाणी सुटायचं. महेंद्र शनिवारी येणार होता. मी आत्यांना म्हणाले, “तो दुध्या कोवळा असतानाच काढा आणि महेंद्रबरोबर द्या. मला फार खावासा वाटतोय.”

“न्हाई,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, ऐकू आलं नाही. “दुध्या, आत्या. दुध्या म्हणतेय मी.”

“कळलं. त्यो काढायचा न्हाई. दोडकी धाडते, घेवडा धाडते. म्हेंद्याला सांगते, बाजारातून दुध्या घेऊन जाईल. कितीबी खा. ह्यो न्हाई.”

“माझ्या हातचा वेल आहे, आत्या.”

“व्हय, तुज्याच हातचा.” आणि फोन बंद.

आईच्या हातातली वाटी तशीच राहिली. “डोहाळकरणीला नाही म्हणाली? अगं, वैरीणसुद्धा म्हणत नाही! चिंच मागितली तर लोक परक्याच्या झाडावर चढून आणतात.”

महेंद्रनं बाजारातला दुध्या आणला, आईनं भाजी केली, आणि मला घास उतरेना. मी आत्यांचे फोन घेणं सोडून दिलं. आई घ्यायची, “झोपलीय” म्हणायची. दुपारी परड्यात जायचे तेव्हा मांडवाखाली एक बाई पाठमोरी बसलेली दिसायची. मी तिच्याशी बोलत नसे. तीही नसे.

आश्विनात परतीचा पाऊस आला तो वादळ घेऊन. कड्यावर दिवसभर विजा लवत होत्या. सकाळपासून माझं पोट राहून राहून दगडासारखं घट्ट होत होतं. बाळाला यायला अजून खूप अवकाश होता. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या, इंजेक्शनं दिली, टाका बघितला. दाराशी आईला हळूच म्हणाल्या, “आजची रात्र शांत गेली पाहिजे. तिला घाबरू देऊ नका.” म्हणजे मी घाबरायचं ते घाबरलेच. मनात एकच चालू होतं, गळतात गं सगळी, दोन रोजात पिवळा पडून खाली.

दिवेलागणीला फोन वाजला. महेंद्रनं त्यांना कळवलं असणार. आईनं माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केला.

“ऐकती का गं?” मागे वारा इतका होता की नदीच घरात शिरलीय असं वाटत होतं.

“हं.”

“वारं लई सुटलंय हितं. दोडका पार झोपला. घेवडा आडवा. भेंडीचं काय विचारू नगंस. मी कुणाकडंबी बघितलं न्हाई. जाऊ दे त्यांस्नी.”

“आणि… तो?”

“हाय. देठ बारीक हाय आन् त्याला आता वजन आलंय. भ्या वाटलं मला. मग झोळी बांधली.”

“झोळी?”

“माजं जुनं लुगडं, मऊ झालेलं. चारी टोकं मेढींना बांधली आन् मधी त्येला ठेवला. आता देठावर भार न्हाई. वारं आलं की झोळी हालती, त्यो तिच्यासंगं हालतो. देठाला कळतबी न्हाई.”

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

“पडायचा न्हाई आता. कळलं का? मी गाठी तपासल्यात. तू नीज.”

“तुम्ही कुठं आहात, आत्या?”

“हितंच हाय. मांडवाखाली.”

“पावसात?”

“घोंगडी हाय डोक्यावर. तू नीज म्हणलं ना.”

फोन त्यांनी ठेवला नाही. मीही नाही. तो कानाशी तसाच राहिला, त्यातून पाऊस वाजत राहिला. खाट हळूहळू हलू लागली. छत लुगड्यासारखं मऊ होऊन खाली आलं, त्याची चार टोकं कुठंतरी उंच, अंधारात, घट्ट बांधलेली होती. आणि त्याच्या मधोमध मी, माझ्या मधोमध ते, दोघं डुलत होतो. पोटाचा दगड कधी सैल झाला मला कळलं नाही. जाग आली तेव्हा खिडकीत कडा लख्ख दिसत होता, धुतलेला.

त्यानंतर मी रोज फोन घेतला. त्या एवढंच सांगायच्या, “झोळीत हाय.” मी एवढंच म्हणायचे, “बरं.”

मुलगी मार्गशीर्षात झाली. पुऱ्या दिवसांची, काळीभोर, मुठी आवळलेली. महेंद्रनं गावी फोन लावला तर आत्या म्हणाल्या, “बरं झालं.” मग म्हणाल्या, “पौष सरू द्या. मग आणा.” बघायला त्या आल्या नाहीत. आई त्यावरही बोललीच, पण मी ऐकलं नाही.

माघात, कोवळ्या उन्हात, आम्ही निघालो. मी बसून जात होते, मांडीवर ती. वाटेत एका टपरीवर महेंद्र चहा घेऊन आला आणि हसत म्हणाला, “अगं, आईचं एक नवीनच झालंय. कशाकडे बोट करत नाही. दुकानात साखर हवी असली तर हनुवटीनं दाखवते. एसटी कुठली विचारलं तर कोपरानं. लोक हसतात.”

“कधीपासून?”

“झालं की वर्षाच्या वर. ते देवळातलं नवरात्र… तुला दाखवलं होतं ना तिनं सगळ्या बायकांना. त्यानंतरच.”

चहा माझ्या हातात निवत गेला. मी बाहेर बघत राहिले. उसाची शेतं मागे पळत होती.

आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. पोरीच्या तोंडाकडे त्यांनी ओझरतं बघितलं आणि नजर काढून घेतली. “चला मागं,” म्हणाल्या. महेंद्र म्हणाला, “अगं आई, तिला बसू तर दे.” पण त्या चालू लागल्या होत्या.

परड्यात काही नव्हतं. वाफे उकरून मोकळे पडले होते, मांडवावरची पानं केव्हाच झडून गेली होती. सुतळीसारखी वाळलेली एक वेल, आणि तिच्या खाली, चार मेढींच्या मधे, स्वच्छ धुतलेली झोळी.

“काल धुतली आन् परत बांधली,” आत्या म्हणाल्या. “ये.”

त्यांनी माझा अंगठा धरला आणि झोळीतल्या त्या वाळक्या, लाकडासारख्या पिवळ्या भोपळ्यावर टेकवला.

“दाब नख.”

मी दाबलं.

“रुततं का?”

“नाही.”

“नीट दाब. जोर लाव.”

“नाही रुतत, आत्या.”

“न्हाई ना? मग कवळा न्हाई ऱ्हायला आता.” त्यांनी एक लांब श्वास सोडला. कमरेचा विळा काढून देठ कापला आणि दुध्या कानाशी नेऊन हलवला. आत बिया खुळखुळल्या. माझ्या हातातल्या पोरीनं आवाजाकडे मान वळवली. तेव्हा पहिल्यांदा आत्यांनी तिच्याकडे पोटभर बघितलं. कपाळ, नाक, मुठी, सगळं. मग दुध्या मला दिला आणि तिला माझ्याकडून घेतली, आणि त्याच जागी, त्याच झोळीत अलगद ठेवली. झोळी हलली.

कुंपणापलीकडून सुंदराकाकूंचा आवाज आला. “आली का गं सून? पोरगी कुठाय? आम्हाला दावशील का न्हाई?”

आत्यांनी हात वर केला. तर्जनी सवयीनं मधल्या पेरात दुमडलेलीच होती. क्षणभर त्या बोटाकडे बघत राहिल्या, एखादं गंजलेलं कुलूप बघावं तशा. मग हळूहळू, दुखत असल्यासारखं, ते बोट उलगडलं.

“ही बघ,” नदीपल्याड ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. “माजी नात.”

काकू कुंपणाशी आल्या, वाकून बघून गेल्या. आत्यांचं बोट तसंच होतं, सरळ.